विश्लेषण : नाशिक रोडला मोठे दुकान कुठे उभे राहू शकते आणि कुठे नाही? झोन, रस्ता आणि पार्किंगचे गणित काय?

बिटको चौक, दत्त मंदिर चौक, जेल रोड, सिन्नर फाटा. नाशिक रोडची बाजारपेठ गेली काही वर्षे या रेषांवरून लांबत चालली आहे. किराणा, कपडे, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि फर्निचर विकणाऱ्या साखळी कंपन्यांना मोठी दालने हवी आहेत. महामार्गाकाठी जागा असलेल्यांना भाडेकरू हवे आहेत आणि जुन्या पेठेतल्या दुकानदारांना आपले गिऱ्हाईक टिकेल का, याची चिंता आहे. मोठे दुकान नेमके कुठे येणार, हे फक्त बाजार ठरवत नाही. विकास आराखड्यातला रंग, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि अग्निशमन दलाचा दाखला यांवर ते ठरते. हे नियम काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि त्याचा भुर्दंड कुणाला पडतो, याचा हा आढावा.

मोठे दुकान म्हणजे नेमके केवढे?

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये दुकानांचे एकूण क्षेत्रफळानुसार गट केले आहेत. ५०० चौरस मीटरपर्यंतचे दुकान एका गटात, त्याहून मोठे दुसऱ्या गटात आणि जमिनीखालचा बाजार तिसऱ्या गटात येतो. ५०० चौरस मीटर म्हणजे साधारण ५,४०० चौरस फूट.

महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीतही हाच आकडा महत्त्वाचा आहे. व्यापारी वापराच्या इमारतीत कोणत्याही एका मजल्यावर ५०० चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम असेल तर ती ‘विशेष इमारत’ ठरते, मग तिची उंची कितीही असो. अशा इमारतीला अग्निसुरक्षेचे कडक निकष आणि अग्निशमन विभागाची परवानगी लागते.

प्रत्यक्षातली मोठी दुकाने याच्या कितीतरी पट असतात. डी-मार्ट चालवणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्सची मार्च २०२४ अखेर ३६५ दुकाने आणि सुमारे १.५ कोटी चौरस फूट विक्री क्षेत्र होते. म्हणजे एका दुकानाची सरासरी सुमारे ४१ हजार चौरस फूट, अर्थात ३,८०० चौरस मीटर. संहितेनुसार तळमजल्यावर दर ३ चौरस मीटरमागे एक आणि वरच्या विक्री मजल्यावर दर ६ चौरस मीटरमागे एक माणूस धरून बाहेर पडण्याचे मार्ग आखावे लागतात. या आकाराचे दुकान दोन समान मजल्यांवर असेल तर एका वेळी सुमारे ९५० माणसे गृहीत धरावी लागतात.

परवानगी कोणत्या कायद्याने मिळते?

मूळ कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. नगररचना क्षेत्रात तो ‘एमआरटीपी’ या नावानेच ओळखला जातो. या कायद्याखाली महापालिका विकास आराखडा तयार करते आणि राज्य सरकार तो मंजूर करते. नाशिक आणि सातपूर यांच्यासह नाशिक रोड-देवळाली नगरपालिका विलीन होऊन ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महापालिका अस्तित्वात आली. त्यामुळे नाशिक रोडचे नियोजनही महापालिकेच्या आराखड्यातूनच होते. शहराचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला.

कोणत्या जमिनीचा कोणता वापर, हे आराखडा सांगतो. त्या जमिनीवर किती आणि कसे बांधायचे, हे नियमावली सांगते. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभरासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० पासून लागू आहे.

अर्ज कलम ४४ खाली होतो. कलम ४५ नुसार महापालिका परवानगी देऊ शकते, अटी घालून देऊ शकते किंवा नाकारू शकते. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. पण नियमात न बसणारे बांधकाम या मुदतीच्या आधारे कायदेशीर होत नाही. नकार मिळाला किंवा अट जाचक वाटली तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते.

झोन आणि रस्त्याचा संबंध काय?

आराखड्यात निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती, सार्वजनिक-निमसार्वजनिक असे झोन असतात. मोठे दुकान फक्त वाणिज्य झोनमध्येच चालते, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही.

निवासी झोनचे दोन भाग आहेत. अरुंद रस्त्यावरचे भूखंड आर-१ मध्ये येतात आणि तिथे रोजच्या गरजेच्या छोट्या दुकानांपुरतीच मुभा असते. गावठाणासारख्या दाट वस्तीत ९ मीटर आणि त्याबाहेर १२ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावरचे भूखंड आर-२ मध्ये येतात. तिथे किरकोळ विक्रीची मोठी दुकाने, कार्यालये, हॉटेले अशा वापरांना वाव मिळतो. म्हणजे दोन शेजारी भूखंडांचा नकाशातला रंग एकच असला तरी समोरचा रस्ता वेगळा असेल तर त्यांचे व्यापारी मोल वेगळे होते.

रस्त्याची रुंदी आणखी एका ठिकाणी कामी येते. नाशिकमध्ये दाट वस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० आहे. अधिमूल्य भरून आणि टीडीआर विकत घेऊन तो वाढवता येतो. किती वाढवायचा, हे रस्ता ठरवतो. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो १.१० वरच थांबतो, तर ३० मीटर किंवा अधिक रुंद रस्त्यावर ३.०० पर्यंत जाऊ शकतो. याशिवाय जिने, लॉबी, बाल्कनी अशा पूरक क्षेत्रासाठी अधिमूल्य भरून वेगळी वाढ मिळते. निवासी वापरात तिची मर्यादा ६० टक्के आहे आणि बिगरनिवासी वापरात ८० टक्के.

एकूण परिणाम असा की, सर्वाधिक बांधकामाची मुभा सर्वात रुंद रस्त्यावर मिळते. नाशिक रोडपुरते बोलायचे तर असा सर्वात मोठा रस्ता म्हणजे पुणे महामार्ग.

नाशिक रोडला मोठ्या दुकानांसाठी जागा कमी का?

नाशिक रोडची रचना शहराच्या इतर भागांपेक्षा वेगळी आहे. इथली मोठी जमीन आधीपासून सरकारी संस्थांकडे आहे. १९२० च्या दशकात आलेली भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थ पत्र मुद्रणालय ही दोन मुद्रणालये, मध्यवर्ती कारागृह, तोफखाना केंद्राचा परिसर, रेल्वेचे स्थानक आणि यार्ड यांनी मोठे क्षेत्र व्यापले आहे. देवळाली छावणी तर महापालिकेच्या नियोजनाबाहेर आहे. तिथे छावणी कायदा २००६ लागू होतो.

या संस्थांच्या भिंतीबाहेरही नियम लागतात. रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम करायचे तर रेल्वेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. लष्करी हद्दीजवळ आणि कारागृहाजवळ अंतराची आणि उंचीची स्वतंत्र बंधने आहेत. महामार्गावर दुकानाचे प्रवेशद्वार उघडायचे तर रस्त्याची मालकी असलेल्या यंत्रणेची मान्यता घ्यावी लागते.

वालदेवी आणि गोदावरीच्या काठी पूररेषा आहे. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवे बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटी पाळून करता येते. मोठ्या दुकानाला सोयीचे वाटणारे तळघर अशा ठिकाणी धोक्याचे असते.

देवळालीगाव, विहितगाव, दसक, पंचक अशा जुन्या गावठाणांत भूखंड लहान आणि गल्ल्या अरुंद आहेत. हे सगळे वजा केल्यावर एक-दोन एकरांचा सलग भूखंड, योग्य झोन आणि रुंद रस्ता हे तिन्ही एकत्र मिळतील अशा जागा मोजक्याच उरतात. त्या बहुतेक महामार्ग आणि जेल रोडसारख्या मुख्य रस्त्यांकाठी असतात. अशा जागांचे भाव आणि भाडे चढे राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पार्किंगचा नियम असूनही गाड्या रस्त्यावर का?

नियमावलीत व्यापारी इमारतीसाठी चटई क्षेत्राच्या प्रमाणात मोटारी आणि दुचाकींची जागा ठरलेली आहे. शहराप्रमाणे हे प्रमाण कमी-जास्त होते. कागदावर हिशेब जुळतो. अडचण जागेची असते.

मोटार उभी करायला साधारण २.५ मीटर बाय ५ मीटर जागा लागते. पण ती आत येण्यासाठी आणि वळण्यासाठी लागणारी जागा धरली तर आकडा दुपटीवर जातो. दिल्लीच्या बृहत आराखड्यात मोकळ्या जागेत एका मोटारीमागे २३ आणि तळघरात ३२ चौरस मीटर धरले आहेत. या हिशेबाने १०० मोटारींना मोकळ्या जागेत २,३०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास २३ गुंठे लागतात. महामार्गालगतच्या भावाने २३ गुंठे गाड्यांसाठी सोडणे कुणालाही जड जाते. म्हणून पार्किंग तळघरात ढकलले जाते, तळघराचा उतार अरुंद ठेवला जातो आणि पाच मिनिटांसाठी आलेला ग्राहक दुचाकी बाहेरच लावतो.

दुसरी अडचण मंजुरीनंतर येते. नकाशात पार्किंग दाखवलेल्या जागेत पुढे गोदाम, गाळा किंवा खाद्यपदार्थांचा स्टॉल थाटला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात, विकासकाला स्टिल्ट किंवा मोकळे पार्किंग स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असे स्पष्ट केले. ते प्रकरण गृहनिर्माण सोसायटीचे होते. मात्र मंजूर नकाशातले पार्किंग ही इमारतीची गरज आहे, विकासकाचा शिल्लक माल नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आले. मॉलने पार्किंगचे पैसे घ्यावेत का, यावर गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०१९ मध्ये मॉलविरोधात निकाल दिला. त्यामागेही हेच तत्त्व होते.

दुकानामुळे वाढणाऱ्या वाहतुकीचा अभ्यास कोण करते?

इथे नियमांमधली सर्वात मोठी फट आहे. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाच्या प्रकल्पाला पूर्वपरवानगी लागते. त्या निमित्ताने पाणी, कचरा आणि सांडपाण्याबरोबर वाहतुकीचाही विचार होतो. नवी मुंबईत तुर्भे येथे डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेले आयकियाचे सुमारे पाच लाख चौरस फुटांचे दुकान या मापात येते.

पण ३,८०० चौरस मीटरचे सुपरमार्केट येत नाही. ५०० चौरस मीटरला अग्निसुरक्षेची चाळणी आहे आणि २०,००० चौरस मीटरला पर्यावरणाची. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यात, म्हणजे नाशिक रोडसारख्या उपनगरात येऊ शकणारी जवळपास सगळी मोठी दुकाने जिथे बसतात तिथे, परवानगीची चर्चा मुख्यतः रस्त्याची रुंदी आणि पार्किंगची संख्या एवढ्यावर थांबते. शनिवारी संध्याकाळी त्या चौकात किती गाड्या वळतील, मालाचे ट्रक किती वाजता येतील, रिक्षा कुठे थांबतील, हे प्रश्न दुकान सुरू झाल्यावर पुढे येतात.

खर्च मग सार्वजनिक तिजोरीतून होतो. नाशिककरांना याचे ओळखीचे उदाहरण म्हणजे उंटवाडीतील सिटी सेंटर मॉलचा परिसर. आसपासची वस्ती, शाळा, रुग्णालये आणि मॉल अशा सगळ्यांचा भार तिथल्या चौकांवर आहे. पुढे त्रिमूर्ती चौक ते सिटी सेंटर मॉल या मार्गावर उड्डाणपुलाचा प्रस्ताव आला आणि उंटवाडीतील जुन्या वटवृक्षावरून तो वादात सापडला. कोंडीचा दोष एकट्या मॉलला देता येणार नाही. पण ती सोडवण्याचा विचार वस्ती आणि व्यापार उभे राहिल्यानंतर होतो, हे त्यातून दिसते.

छोट्या दुकानदारांचा विचार कायदा करतो का?

थेट करत नाही. शेजारच्या पन्नास किराणा दुकानांवर काय परिणाम होईल, हा परवानगीचा निकषच नाही. नियम इमारत मोजतात, तिच्या आत चालणारा व्यापार मोजत नाहीत.

याला एक मर्यादित अपवाद आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने बहुब्रँड किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत परकी गुंतवणूक खुली केली. त्या वेळी १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांची अट होती. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार असल्याने शहर या अटीत बसले. शहराच्या आराखड्यात परवानगी असलेल्या जागेतच दुकान हवे आणि दळणवळण व पार्किंगची सोय हवी, असेही धोरणात लिहिले होते. मात्र ही अट परकी भांडवलाच्या दुकानांना आहे. नाशिकमध्ये दिसणाऱ्या देशी साखळ्यांना ती लागू नाही.

इतर देशांनी वेगळे मार्ग चोखाळले. फ्रान्सने १९७३ च्या रॉयर कायद्याने मोठ्या गावांत १,५०० आणि छोट्या गावांत १,००० चौरस मीटरवरील दुकानांना स्थानिक आयोगाची परवानगी सक्तीची केली. १९९६ मध्ये ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आणली आणि २००८ मध्ये पुन्हा १,००० केली. ब्रिटनने १९९० च्या दशकात ‘आधी गावाचा मध्य, मग बाहेरचा भाग’ असा क्रम लावला.

जपानचा प्रवास विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. तिथल्या १९७३ च्या कायद्याने छोट्या दुकानदारांच्या संरक्षणासाठी मोठ्या दुकानांना अडवून धरले. टीका वाढल्यावर २००० मध्ये तो रद्द झाला आणि नवा कायदा आला. आता १,००० चौरस मीटरवरील दुकानाला स्पर्धेच्या कारणाने अडवता येत नाही. पण पार्किंग, कोंडी, आवाज आणि कचरा यांचा शेजाऱ्यांना होणारा त्रास तपासला जातो आणि स्थानिक रहिवाशांचे म्हणणे ऐकले जाते. बाजारातली स्पर्धा आणि शहराला होणारा त्रास हे दोन विषय तिथे वेगळे केले गेले.

निवासी इमारतीत दालन थाटले तर काय होते?

मोठे भूखंड मिळत नाहीत, म्हणून साखळी कंपन्या निवासी इमारतींच्या तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर मध्यम आकाराची दालने घेतात. मंजूर नकाशात तो भाग व्यापारी असेल तर प्रश्न नाही. सदनिका किंवा पार्किंग जोडून दालन केले असेल तर तो वापरातील बेकायदा बदल ठरतो. त्यावर कलम ५२ खाली गुन्हा आणि कलम ५३ खाली नोटीस निघू शकते.

याचे टोक दिल्लीने पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १६ फेब्रुवारी २००६ च्या निकालानंतर निवासी जागेतली हजारो दुकाने सील होऊ लागली. व्यापारी रस्त्यावर उतरले. २००७ मध्ये नवा बृहत आराखडा आला आणि अनेक रस्त्यांवर मिश्र वापराला मान्यता देण्यात आली.

ताजा निकाल मेरठचा आहे. निवासी वापरासाठी दिलेल्या भूखंडावर उभे राहिलेले दुकानांचे संकुल पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी कायम ठेवला. त्याच निकालात देशभरासाठी निर्देश दिले गेले. बेकायदा इमारतीत व्यवसायाचा परवाना देऊ नये, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाणी जोडणी देऊ नये आणि बँकांनीही हे प्रमाणपत्र पाहूनच कर्ज द्यावे, असे त्यांचे स्वरूप आहे. किती वर्षे दुकान चालले, किती पैसे गुंतवले, हा बचाव न्यायालयाने मानला नाही.

वापर बदलण्याचा धोका जिवावरही बेततो. मार्च २०२१ मध्ये मुंबईत भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली तेव्हा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर रुग्णालय होते आणि तिथल्या रुग्णांचे बळी गेले. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीचा मालक किंवा वापरकर्ता यांना दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते द्यायची जबाबदारी दुकान चालवणाऱ्यावरही येते.

ऑनलाइन खरेदीमुळे हा प्रश्न मागे पडेल का?

प्रश्नाचे रूप बदलेल. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या कंपन्यांना ‘डार्क स्टोअर’ लागते. तिथे ग्राहक येत नाही. माल साठवला जातो आणि दुचाकीवरून बाहेर जातो. वापराच्या दृष्टीने ते दुकान की गोदाम? दुकान मानले तर निवासी भागात मुभा मिळते. साठवणूक मानली तर झोन आणि आग या दोन्ही बाबतींत निकष बदलतात. ग्राहकांच्या पार्किंगवर बेतलेले नियम दिवसभर उभ्या राहणाऱ्या डिलिव्हरीच्या दुचाकींना पुरत नाहीत. गल्लीतल्या रहिवाशाच्या दृष्टीने त्रास मात्र तोच असतो.

२०२७ हे वर्ष महत्त्वाचे का?

आराखड्यात बाजार, शॉपिंग सेंटर, वाहनतळ यांसाठी जमिनी आरक्षित असतात. एमआरटीपीच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत अशी जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते आणि शेजारच्या जमिनीला जो वापर मान्य आहे तो या जमिनीलाही मिळतो. नाशिकच्या आराखड्याला २०२७ मध्ये १० वर्षे पूर्ण होतात.

म्हणजे वाहनतळासाठी किंवा भाजी बाजारासाठी ठेवलेली, रुंद रस्त्यावरची जागा उद्या खासगी व्यापारी संकुलासाठी मोकळी होऊ शकते. मोठ्या दुकानांना जागा मिळेल, पण त्यांच्यामुळे लागणारा वाहनतळ हातचा जाईल. पथविक्रेत्यांनाही याची झळ बसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे तत्त्व घालून दिले आहे. बाजाराची आरक्षणे गेली तर त्यांना बसवायचे कुठे, हा प्रश्न रस्त्यावरच सुटतो.

गाळा घेणाऱ्याने किंवा जागा देणाऱ्याने काय तपासावे?

पहिले, महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. दलालाच्या तोंडी ‘कमर्शियल’ला अर्थ नाही. रस्ता आराखड्यात किती रुंद आहे आणि जागेवर किती, हे दोन्ही पाहावे.

दुसरे, मंजूर नकाशात त्या गाळ्याचा वापर काय लिहिला आहे, ते पाहावे. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेचे आणि आठपेक्षा जास्त गाळ्यांचे व्यापारी प्रकल्पही महारेरात नोंदवावे लागतात. तिथे नकाशा पाहता येतो.

तिसरे, भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला मागावा. मेरठ निकालानंतर हे कागद नसतील तर कर्ज आणि परवाना दोन्ही अडू शकतात.

चौथे, भाडेकराराआधी पार्किंगची प्रत्यक्ष जागा मोजावी. नकाशातल्या पार्किंगमध्ये भिंत उभी असेल तर उद्याची नोटीस भाडेकरूच्या चालू दुकानावर चिकटते. विकासक तोवर गाळे विकून मोकळा झालेला असतो.

पुढे काय होऊ शकते?

कायदा बदलण्याची वाट न पाहताही महापालिकेच्या हातात एक साधन आहे. कलम ४५ मध्ये अटी घालण्याची मुभा आहे. ५०० ते २०,००० चौरस मीटरच्या दुकानांसाठी चौकाच्या वाहतुकीचा छोटा अभ्यास, मालाच्या ट्रकची ठरलेली वेळ, रस्त्यापासून आत घेतलेले प्रवेशद्वार आणि रिक्षांची जागा अशा अटी परवानगीच्या वेळीच घालता येतील. त्या राज्यभर एकसारख्या हव्या असतील तर यूडीसीपीआरमध्ये दुरुस्ती लागेल आणि ते काम नगरविकास विभागाचे आहे.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिक रोड स्थानक हे भाविकांचे प्रमुख प्रवेशद्वार असेल. याच सुमारास जुन्या आरक्षणांच्या नोटिसाही येऊ लागतील. कोणती आरक्षणे टिकवायची, कोणत्या चौकांत मोठ्या दुकानांना वाव द्यायचा आणि कुठे आधी वाहनतळ हवा, हे महापालिकेला त्याआधी ठरवावे लागेल. ते झाले नाही तर नेहमीप्रमाणे एकेका भूखंडाच्या अर्जावर वेगवेगळे निर्णय होत राहतील आणि त्या सगळ्यांची बेरीज पुणे महामार्गावरच्या सिग्नलला दिसेल.